राखेला काळी माती बोलला तो

मनोहर गेल्याचा फोन आला तवा मी भाकरी थापत होते. त्याची बायको बोलली, "मावशी, हे गेले... झोपेतच." तव्यावरची भाकरी करपली. खरं सांगते, पयलं रडू नाय आलं, भ्या वाटलं. आता आमच्या डोंगराकडं कोण बघल?

मनोहर कर्जतचा. मातीचे नकाशे करायचा. ड्रोन उडवून वरनं फोटो काढायचा आन रंगावरनं माती वळखायचा. पळसदरीच्या अंगाला, डोंगराखाली आमची नऊ घरं. पयल्यांदा आला तवा फोटो दाखवून बोलला, "मावशी, या चौकोनात काळी माती आहे, कापसाला लागते तशी." मी पदर तोंडाला लावला. "अरं येड्या, राब भाजलाय तिथं! भाताचं रोप करायच्या आदी पालापाचोळा जाळतो आमी. राख हाय ती!" तोबी हसला, राख उकरून खालची तांबडी माती बघितली आन नकाशात खाडाखोड केली. वाडीनं त्याचं नाव पाडलं, राखवाला.

तेच अंगाशी येणार होतं. मागल्या उन्हाळ्यात परत आला, तोंड उतरलेलं. फोटोत सगळा डोंगर वाळलेला, आन आमच्या घरांच्या बरोबर वर एक हिरवा पट्टा. "आत पाणी मुरतंय, मावशी. माती सुटतेय. पावसात इथं राहू नका." मीच बोलले, "तवा राखेला माती बोललास, आता गवताला पाणी?" सगळी हसली. तो नाय हसला. मला वर घेऊन गेला. करवंदीच्या जाळीमागं भेग होती. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला... भर उन्हाळ्यात आतली माती गार. भेगेच्या दोन्ही अंगाला त्यानं खुंट्या ठोकल्या, मधी ढिली दोरी बांधली. "दोरी ताठली की कोणाला विचारायचं नाही. निघायचं."

तो पावसाळा दोरी ढिलीच राहिली. फोन करायचा, "मावशी, दोरी?"

"ढिली हाय रं बाबा."

आता फोन येत नाय, तरी मी रोज सकाळी वर जाते. काल दोरीला बोट लावलं, तर तारेवानी वाजली.

खाली आले, शेळ्या सोडल्या, दारोदार गेले. "राखवाल्यानं सांगितलंय, निघा." कोणी हसलं नाय.

खालच्या गावच्या शाळेत बसून नातीकडनं हे लिवून घेतेय. खिडकीतनं आमची घरं दिसतायत, उभी हायत अजून... फोन मांडीवरच हाय. दोरी ताठली रं, मनोहर.