फुलांखालचा सांधा

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी अख्खी नोकरी खरेदी विभागात काढली. वेल्डिंगचे रॉड मी ट्रकच्या ट्रक विकत घेतले, परत पाठवले, त्यांच्यावरून हुज्जत घातली. पण जाळला एकही नाही. त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरी छोटं वेल्डिंग मशीन आणलं, तेव्हा निम्मं शिक्षण झालेलंच आहे अशी माझी समजूत होती. बायकोची नव्हती. ती म्हणाली, "डाळीचा दुकानदार म्हंजे काय आचारी असतो व्हय?"

बायको कन्नड तालुक्यातली. समोरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे आणि निम्म्या कॉलनीची ब्लाउजं तिच्या हाताखालून जातात. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हा तिचा जोडधंदा, आणि तो मुख्य धंद्यापेक्षा जोरात चालतो.

मी कुंड्यांच्या स्टँडपासून सुरुवात केली. स्टँड डुगडुगले, तेव्हा मी अंगणातल्या फरशीला दोष दिला आणि म्हणीतल्यासारखं खरोखरच आमचं अंगण वाकडं ठरवलं. पण सरळ रेघ मला लवकर साधली, हे कुणीही मान्य करेल. माझं घोडं अडायचं ते थांबून पुन्हा सुरू करण्यात. रॉड संपतो, हात वळत नाही, तोंडावरचा मुखवटा घसरतो, थांबावं लागतंच. थांबलेल्या जागी एक लहानसा खड्डा राहतो. मी नवा रॉड नेमका त्या खड्ड्यात टेकवायचो. लोखंड तोवर निवलेलं असायचं, आणि तिथं गोळा बसायचा. पुढची रेघ पुन्हा सुरेख, मग पुन्हा गोळा. शेजारचे चाचा गच्चीवरून वाकून विचारायचे, "क्या साब, वेल्डिंग कररे की भजे तलरे?"

यावर माझ्याकडे इलाज होता. गोळा ग्राइंडरनं घासायचा, वर पुट्टी फासायची, त्यावर चंदेरी रंग. लांबून पाहिलं तर कारखान्यातलं काम वाटे. मी लोकांना लांबूनच दाखवत असे.

अशात मुलीला सातवा महिना लागला. ती डोहाळजेवणाला माहेरी येणार होती. डोहाळजेवण म्हटलं की झोपाळा आलाच. फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर तिला बसवायचं, ओटी भरायची, बायकांनी गाणी म्हणायची. हल्ली लोक तो डेकोरेशनवाल्याकडून भाड्यानं आणतात. मी जाहीर करून टाकलं, की माझी लेक माझ्या हातच्या झोपाळ्यावर बसेल. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, आई काय म्हणते?" मी विषय बदलला. पण मला ते फार, फार हवं होतं. इतकी वर्षं कारखान्यात राबलो, पण हे मी केलं म्हणून तिच्यापुढे ठेवावं असं काहीच नव्हतं. केलेली खरेदी दाखवता येत नाही.

झोपाळ्याचा सांगाडा साधा होता. गोल पाइपांचे चार तिरके पाय, वर एक आडवा पाइप, प्रत्येक पायाखाली जाड पट्टी. मात्र गोल पाइपाभोवती वेल्डिंग करायचं म्हणजे वाटेत तीन-चारदा थांबायचं, आणि शेवटी जिथून निघालो तिथंच येऊन मिळायचं. म्हणजे माझ्या सगळ्या दुखण्यांचं संमेलनच. मी भरपूर पुट्टी आणली.

आमच्या घरात एक रीत आहे. खाट, खुर्ची, बाक, काहीही नवीन आलं की त्यावर आधी मेहुण्याला बसवतात. बायकोचा हा भाऊ अंगानं भरदार आहे. त्याला ज्यानं पेललं ते आमच्या नातवंडांपर्यंत टिकतं. तो कन्नडहून एस.टी.नं आला, हातात चहाचा कप घेऊन माझ्या झोपाळ्यावर बसला, आणि "झकास हाय दाजी" म्हणता म्हणता कट्ट असा आवाज झाला. एक पाय पट्टीपासून सुटला, सांगाडा तिरका झाला आणि मेहुणा घसरगुंडीवरून यावा तसा सावकाश जमिनीवर आला. कपातला चहा त्यानं सांडू दिला नाही. खालूनच म्हणाला, "दाजी, बायकोच्या भावाला कुणी असं जमिनीवर बसवतं का?"

बायको त्याला उठवायला गेली नाही. ती सुटलेल्या पायाशी बसली आणि शेजारच्या सांध्यावर तिनं नख ओढलं. रंगासकट पुट्टीचा पोपडा निघाला.

"हे काय हाय?"

"फिनिशिंग."

"हा मेकअप हाय. खालची बाई आजारी हाय."

मी बुडत्यासारखी काडी धरली. म्हणालो, "सांध्यांवर झेंडूच्या माळा गुंडाळू. दिसणारसुद्धा नाही."

"लोकं फुलं शोभेला लावत्यात, तुम्ही पुरावा झाकायला. माझी लेक यावर बसणार नाय. मी भाड्याचा सांगते." आणि तिनं तिथल्या तिथं फोन लावला. मला राग आला, आणि तिचं बरोबर आहे म्हणून तो दुप्पट आला.

संध्याकाळी मी सुटलेला सांधा उलटा करून पाहिला. रेघ जिथं सलग होती तिथं तिनं लोखंड घट्ट धरलेलं होतं. फुटली होती ती बरोबर गोळ्यांपाशी. गोळ्याच्या पोटात काळी खपली तशीच होती. वेल्डिंगवर जी काचेसारखी खपली धरते ती न काढताच मी पुढचा रॉड टेकवला होता. गोळा खालच्या लोखंडाला चिकटलाच नव्हता, नुसता वर बसला होता, पाहुण्यासारखा.

कारण कळलं तरी उपाय कळेना. खपली काढून केलं, तरी गोळा आलाच. मी तोंड पाडून समोरच्या खोलीत जाऊन बसलो. बायको ब्लाउजची बाही जोडत होती. मध्येच बॉबिनचा दोरा संपला. तिनं दोरा भरला, पण जिथं शिवण तुटली तिथून सुरू केलं नाही. सुई थोडी मागं, जुन्या शिवणीवर घेतली, तिच्यावरून चालत आली आणि मग पुढं गेली. बाहीचा गोल पुरा झाला, तेव्हाही सुरुवातीला भेटून थांबली नाही. पहिल्या टाक्यांवर चढून जराशी पुढं गेली.

"मागं का गेलीस?" मी विचारलं.

"नायतर उसवंल ना!" ती म्हणाली. "इतकी वर्षं काय बघितलं तुम्ही?"

लोखंडाला हे जसंच्या तसं लागू पडत नाही, हे मला दोन-चार रॉड फुकट गेल्यावर कळलं. जुन्या रेघेवर रॉड टेकवला की तिथंच गोळा. मग उलटं करून पाहिलं. खपली झाडायची, खड्ड्याच्या थोडं पुढं, कोऱ्या जागेवर ठिणगी पाडायची, ती पेटती ठेवून मागं खड्ड्यात आणायची, खड्डा वितळून भरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढं निघायचं. ठिणगीचा डाग वाटेत रेघेखाली विरघळून जातो. पाइपाचा गोल मिळवताना सुरुवातीचं टोक आधी घासून उतरतं करायचं आणि शेवटची रेघ त्यावर चढवून पुढं न्यायची, बाहीसारखी. मी जुन्या पाइपाचे तुकडे जोडायचो आणि घणानं झोडपायचो. रोज एखादा तुकडा बायकोच्या मशीनपाशी ठेवायचो. ती न बघता अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "हितं." अंगठा थांबला तिथं गोळा असायचाच. एक दिवस अंगठा पूर्ण फिरून आला. तिनं हातातलं ब्लाउज दोनदा उलटंसुलटं केलं.

मी सगळे सांधे कापून नव्यानं केले. मेहुणा पुन्हा आला, या खेपेला चहा न घेता. बसला, झुलला, भजी मागवली, आणि शेवटी तिथंच घोरायला लागला. तरी बायकोनं भाड्याचा झोपाळा रद्द केला नाही. "दादाचं येगळं," ती म्हणाली. "तो पडला तर उठतो."

डोहाळजेवणाच्या दिवशी दोन्ही झोपाळे अंगणात उभे होते. डेकोरेशनवाल्याचा पितळी कड्यांचा, माझा चंदेरी. पुट्टी नव्हती, तरी मला राहवेना. मी सगळ्या सांध्यांवर झेंडू गुंडाळून ठेवला होता. हिरव्या साडीतली लेक दारात थांबून कधी माझ्याकडे, कधी आईकडे बघत होती.

बायको माझ्या झोपाळ्यापाशी आली. डोळ्यांसमोरच्या सांध्यावरची माळ सोडली आणि अंगठा फिरवला. एकदा. मग परत.

"सुरू कुठून केलं व्हतं?"

मी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. मलाही सांगता येईना.

तिनं माळ पुन्हा बांधली नाही. "हे उघडंच राहू द्या," म्हणाली. "बायका इचारतील कुणी केलं."

डेकोरेशनवाल्यानं विचारलं, "काकू, मग आमच्या झोपाळ्याचं काय?"

"त्याच्यावर दादाला बसवा," ती म्हणाली. मग दाराकडे वळून तिनं हात पुढं केला. "ये गं. बस बाबांच्या झोपाळ्यावर."