शिकणाऱ्याची रेघ

दाढदुखीवर मंतरलेली लवंग चघळत येणाऱ्या पेशंटवर मी आयुष्यभर खेकसत आलोय. अमरावतीत माझा दातांचा दवाखाना आहे. करणी, बाहेरचं वगैरे काही नसतं, यावर मी आजही भांडायला तयार आहे... तरीही हे लिहितोय.

माझे थोरले भाऊ, दादा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. छावणीत गोल्फच्या मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती, तिथेच हा नाद लागला. मोर्शीजवळच्या आमच्या शेतातली संत्र्याची झाडं वाळली, तेव्हा नवी कलमं लावायची सोडून त्यांनी तिथे सहा होलचा छोटा कोर्स केला! गाव पोट धरून हसलं. लांब फटका मारायला जागाच नाही. चेंडू हलकेच उचलून होलजवळ टाकायचा आणि मग पटरने, म्हणजे चपट्या तोंडाच्या काठीने, आत ढकलायचा. दादा म्हणायचे, "दुरून कोनीई हानते. जवळ आल्यावर हात थरथरते, थोच खरा खेळ हाय."

होलभोवती गवताऐवजी वाळू, जळकं इंजिन ऑइल कालवून चोपलेली. तिला ब्राउन म्हणतात. तिच्यावर चेंडूची रेघ उमटते, म्हणून आपलं झालं की गोणपाट ओढून ती पुसायची असा रिवाज. पुढच्याला आयती वाट दिसू नये. पण समोर नवखा असला, की दादा आपली रेघ मुद्दाम तशीच ठेवायचे. "शिकनाऱ्याची रेघ पुसत नाईत," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात दादा गेले. त्यानंतर माझा उजवा हात थरथरायला लागला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण थरथरत्या हाताने कुणाच्या तोंडात मशीन कसं घालणार? दवाखान्याला कुलूप लावलं. पुन्हा उघडेल की नाही, या विचाराने मी पार घाबरून गेलो होतो.

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, घरी बसून हाताकडे पाहून काय होनार हाय? इकडं या. त्याईच्या गोल्फच्या काड्या तशाच पडून हायेत."

गेलो. दिवसभर खेळलो. चेंडू उचलून टाकणं हळूहळू जमायला लागलं, पण होल हातभरावर आला की मनगट झटका खायचं आणि चेंडू बाजूने निघून जायचा. संध्याकाळी वैतागून गोणपाट ओढलं, सगळ्या ब्राउन आरशासारख्या साफ केल्या आणि घरी आलो.

सकाळी चहा पिऊन आम्ही दोघं शेतात गेलो. शेवटच्या ब्राउनवर एक रेघ होती.

चेंडूएवढीच रुंद. डावीकडून निघून, किंचित वळून, थेट होलमध्ये. मी आदल्या दिवशी सरळच ढकलत होतो. वाळूचा तो उतार माझ्या लक्षातच आला नव्हता. आणि आजूबाजूला पायाचा एक ठसा नाही. त्या वाळूत साळुंकीची नखंसुद्धा उमटतात हो! मुंगूस म्हणावं तर पाय कुठेत? वारा म्हणावा तर असा वळेल? होल मधोमध, काठावरून काठी पोचत नाही.

मी रेघेच्या टोकाशी चेंडू ठेवला. पटर धरला. हात थरथरला नाही. चेंडू त्या रेघेवरून गेला आणि आत पडला... टप्प.

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. वळून पाहिलं तर वहिनी रेघेकडे टक लावून उभी. "तुमच्यासाठी आले," ती म्हणाली. "मले न भेटता गेले."

दवाखाना पुन्हा सुरू झालाय, हात ठीक आहे. नंतर तशी रेघ कधीच उमटली नाही. ती कशी आली याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हात कसा थांबला हे न्यूरोलॉजिस्टकडेही नाही.

मागच्या रविवारी मी गावी गेलो, तेव्हा वहिनी पदर खोचून अंगणात उभी होती. हातात दादांचा पटर. आजवर तिने त्याला कधी हात लावला नव्हता.

"शिकनाऱ्यासाठीच ठेवत होते ना ते रेघ?" ती म्हणाली. "मंग मले शिकवा, भाऊजी."

शिकवतोय. चेंडू कुठल्या कुठे जातो तिचा. संध्याकाळी ती स्वतः गोणपाट ओढते, सगळं नीट साफ करते... आणि सकाळी चहाच्या आधी बघायला जाते.