शेजारचा रेडिओ

पंचवटीत मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास आला की मला वडील गेले तो उन्हाळा आठवतो. सुतक फिटलं, तरी आमचा रेडिओ कपाटावर गप्पच होता. दुपारी आई ओसरीवर विकायचे गजरे ओवत बसायची. गाण्यांचा कार्यक्रम लागला की शेजारच्या काकू आमच्याकडे बघून त्यांच्या रेडिओचा आवाज बारीक करायच्या. त्यामुळे अख्ख्या गल्लीला पाठ असलेली गाणी आमच्यापर्यंत नुसती कुजबुजल्यासारखी यायची. एका दुपारी आईनं फुलांवर ओलं फडकं टाकलं, कुंपणाशी गेली आणि म्हणाली, "अहो, आवाज वाढवा की जरा. पोरांना ऐकायचंय." काकूंनी लगेच वाढवला. आई परत येऊन ओवायला बसली, आणि तिची मान हळूहळू ठेक्यावर डोलायला लागली. आम्ही पोरांनी काही मागितलंच नव्हतं, हे लक्षात यायला मला तिच्या वयाचं व्हावं लागलं.