‘सेट’चे अर्थ आणि निजवलेली बाहुली

आई सोलापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि ‘सेट’ या एवढ्याशा शब्दावर तिचा भारी जीव. दरवर्षी नव्या वर्गाला ती त्याची वाक्यं करायला लावायची. सूर्य मावळतो ते सेट, मोडलेलं हाड बसवतात ते सेट, घड्याळाचा गजर लावतात ते सेट आणि गणितातला संच तोही सेटच. मुलं दमायची, शब्द दमायचा नाही. मी घरात हे सगळं फुकट ऐकलं आणि पुढे पोटही त्याच शब्दावर भरायला लागलो. चेन्नईजवळ ओरगडमच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबायच्या यंत्रावर डाय, म्हणजे साचे, सेट करून घेणं हे माझं काम.

बाबा गेल्यावर मी आईला चेन्नईत मैलापूरला माझ्याकडे आणलं. मला ती कायमची हवी होती. कामावरून येऊन रिकाम्या घराचं कुलूप उघडायचा मला वीट आला होता, आणि तिकडे ती एकटी ताट वाढून घेते हे डोळ्यांसमोर आलं की माझा घास अडायचा. पण बाईसाहेब परतीचं तिकीट काढूनच आल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, एग्मोर स्टेशनवरून संध्याकाळची गाडी. इथे भाषा कळत नाही, मी कुणाशी बोलू, असं तिचं म्हणणं. मी चिडलो, रुसलो, काही उपयोग झाला नाही.

मग चेन्नईनेच तिला तिचा शब्द नवा करून दिला. हॉटेलात पुऱ्या मागितल्या तर वेटरने एक सेट की दोन सेट असं विचारलं. नळ दुरुस्त करणारा म्हणाला, सेट आयिडुच्चु, म्हणजे झालं बुवा ठीक. शिंप्याने तिच्या पोलक्याला लावलेला हिरवा काठ बघून स्वतःच मान हलवली, सेट आगलै, जमत नाही. कारखान्यातला मित्र घरी आला आणि हे आमच्या सेटमधले, म्हणजे आमच्या बॅचचे, असं त्याने कुणाविषयी तरी सांगितलं. रोज संध्याकाळी ती मला नवा अर्थ ऐकवायची. इतक्या वर्षांत हे मुलांना शिकवायचं राहूनच गेलं म्हणायची आणि खळखळून हसायची. तिचं ते हसू मी बाबांच्या आजारपणापासून ऐकलं नव्हतं.

समोरच्या घरात तंजावरी मराठी बोलणाऱ्या बाई राहतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, मुलं परदेशी. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं आणि हेल अस्सल तमिळ, त्यामुळे पहिले काही दिवस दोघी एकमेकींशी हळूहळू, सांभाळून बोलायच्या. नवरात्रात मात्र सूर जुळला. त्यांच्याकडे कोलू असतो, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. देवळाजवळच्या रस्त्यावर दोघी मिळून दशावतार आणायला गेल्या. आईला त्यातला फक्त वामन हवा होता. दुकानदाराने सेट फोडायला साफ नकार दिला, तेव्हा ती रागावण्याऐवजी खूश झाली. रोज संध्याकाळी ती तिकडे जायची, गाणं म्हणायची आणि हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, खाऊन यायची. मी जेवायला थांबलेला असायचो, हे तिच्या गावीही नसायचं.

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही दोघं निरोप घ्यायला गेलो. बाई आत गेल्या होत्या. खालच्या पायरीवर एक बाहुली आडवी पडलेली आईला दिसली. वाऱ्याने पडली असेल म्हणत तिने ती उचलली, पदराने पुसली आणि नीट उभी केली. तेवढ्यात बाई सुपारीचं तबक घेऊन आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. कोलू संपला की एक बाहुली निजवतात, मगच दुसऱ्या दिवशी बाकीच्या उचलतात, हे आम्हाला कुठे ठाऊक? बाईंनी सांगितलं तशी आई कानकोंडी झाली. आमच्याकडे उत्तरपूजा झाली की देव जागचा जरासा हलवतात, निजवत नाहीत, असं ती सांगत राहिली. तिचा आवाज रडवेला झाला होता आणि मला तिथून तिला उचलून घरी न्यावंसं वाटत होतं.

बाईंनी बाहुलीकडे पाहिलं, मग आईकडे. "उठली म्हणजे कोलू सरला नाही की," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्यां पुन्हा नैवेद्य, पुन्हा गाणं. तुम्ही यायचं."

मी गाडीची आठवण करून देणार होतो. खरंच देणार होतो, इतका मूर्ख मी आहे. आईने मला हाताने गप्प केलं.

"उद्याचं तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "उठवलंय मी, तर निजवायलाही मीच हवी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गाडी सुटायच्या सुमाराला, ती त्यांच्याकडे गात होती. तिने बाहुली निजवली, तिला दोनदा थोपटलं आणि आम्ही घरी आलो. नवं तिकीट कधीचं काढायचं हे विचारायचा मला धीर होत नव्हता. कोलू एकदा मांडायला घेतला की दरवर्षी मांडावा लागतो, चुकवून चालत नाही, असं बाईंनी तिला सांगितलं होतं म्हणे. हे सांगत तिने भात टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढच्या वर्षी आपल्याकडे पायऱ्या किती करूया रे? तीन पुरतील?"

मी दोन ताटं मांडली. मग मी म्हणालो, "पाच करू."