शेडमावशीचा रंग

नवी बाई भेटली की शेडमावशी आधी तिची हनुवटी धरायच्या. नाव-गाव नंतर. हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवायचं, डोळे बारीक करायचे आणि तिच्या रंगाची शेड कुठली त्याचा निकाल द्यायचा. "सुंठ." "भाजलेला शेंगदाणा." "तू दालचिनी, पण जाड सालीची." समोरची लाजली काय, रागावली काय, त्यांना फरक पडत नसे. जर्सी सिटीतल्या मराठी घरांत त्या पाहुण्या आल्या की वयात आलेल्या मुली बाथरूममध्ये जाऊन बसायच्या.

मला त्या भेटल्या मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात, मेकअपच्या काउंटरमागे. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. लग्न होऊन मी आले होते आणि मला नोकरी हवी होती. त्यांनी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "चिकू. पिकलेला."

मी त्यांचा हात झटकला. सांगलीला मला बघायला येणाऱ्यांना तिन्हीसांजेला बोलवत आणि दिवा माझ्या पाठीमागे ठेवत. साय, बेसन, आंबेहळद, सगळं तोंडावर थापून झालं होतं. आता ही बाई अमेरिकेत मला फळ म्हणत होती. मी म्हटलं, "सरळ काळी म्हणा की."

"काळी हा रंग नाही," मावशी म्हणाल्या. "ती आळशी लोकांची शिवी आहे. नीट बघायचे कष्ट नकोत म्हणून देतात."

मला नोकरी लागली, पण मागे, माल ठेवायच्या खोलीत. काउंटरवर कोण उभं राहणार ते मॅनेजर लिंडा ठरवायची. मावशी लिंडाच्या आधीपासून तिथे होत्या, म्हणून टिकल्या होत्या. खोकी फोडायला माझे हात चालत होते, गिऱ्हाइकासमोर माझं तोंड चालत नव्हतं. असं ती कधी बोलली नाही. हसून म्हणायची, गिऱ्हाइकांना सवयीचे चेहरे आवडतात. ते हसू आठवलं तरी आजही माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

काउंटरच्या काचेत फाउंडेशनच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. सगळ्या दुधाळ, नाहीतर गुलाबी. आमच्यासारख्यांच्या दोन बाटल्या खालच्या खणात. कुणी मागितल्या तर काढायच्या. एक विटेसारखी, दुसरी राखेसारखी. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून बसने येणाऱ्या ब्लॅक नर्सेस काचेकडे बघायच्या आणि लिपस्टिक घेऊन परत जायच्या. मावशी त्यांना अडवायच्या. आपल्या हाताच्या पालथ्या बाजूवर विटेचे थेंब, राखेचा थेंब, वरून जराशी पिवळी पावडर असं घोटायच्या आणि त्यांच्या जबड्याच्या कडेला लावायच्या. मला म्हणायच्या, "कपाळ खोटं बोलतं, गाल लाजतात. जबडा खरं सांगतो. लावलं आणि नाहीसं झालं, तर तो तुझा रंग. दिसत राहिलं, तर दुसऱ्याचा."

त्या गोड वगैरे मुळीच नव्हत्या. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवायच्या. जिभेला हाड नव्हतं. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू मुलीचा स्थळासाठी फोटो काढायचा म्हणून दोन शेड उजळ पावडर मागायला आल्या. मावशींनी त्यांना सांगितलं, "मग फोटो लिंडाचाच काढा. मुलीला कशाला मध्ये आणता?" त्या काकूंनी पुढे मावशींना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. गोऱ्यांचं मी एक वेळ समजू शकत होते. आपल्याच बायका आपल्याच लेकींच्या तोंडावर चुना फासायला निघालेल्या बघितल्या की मात्र किळस यायची.

मी तापट. लिंडाच्या केबिनमध्ये जाऊन भांडून यायची आणि परत खोकी फोडायची. मावशी एकदा म्हणाल्या, "ओरडलीस की ती तुझ्या आवाजाबद्दल बोलते, मुद्दा बाजूला राहतो. हळू बोल. आणि जागचं हलू नकोस." आज माझं स्वतःचं दुकान आहे. माल विकणारे येतात, घासाघीस होते, आणि शेवटी घाम त्यांना फुटतो. सगळं त्या दोन वाक्यांवर चाललंय.

वर्षभर भांडल्यावर एक दिवस लिंडाने मला काउंटरवर यायला सांगितलं. मी नवी साडीपिन लावावी तसा नावाचा बिल्ला लावून गेले. तिथे उंच स्टूल मांडलं होतं. कंपनीचं रंग उजळवणारं क्रीम आलं होतं. माझ्या अर्ध्या चेहऱ्याला ते आणि वर फिकी पावडर लावायची, अर्धा तसाच ठेवायचा. शेजारी स्टँडवर पाटी होती, एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर'. वर्षभर भांडून मला काउंटर मिळालं ते 'आधी' म्हणून.

उठावं तर नोकरी जाणार. गर्दी जमली होती. मेकअपचं काम मावशींचं. त्यांनी माझी हनुवटी धरली, क्रीमच्या डबीचं झाकण लावलं आणि डबी बाजूला सरकवली. मग हातावर घोटायला घेतलं. सावकाश, सबंध चेहऱ्याला, दोन्ही बाजूंना सारखंच लावलं. पाटी उलटी करून ठेवली आणि गर्दीला आपल्या ठाशीव इंग्रजीत सांगितलं, "ही पूर्ण झाली. आली तेव्हाही पूर्णच होती."

मग मागून एक नर्स पुढे आली आणि म्हणाली, तुमच्या हातावर आहे ते मला हवंय. तिच्यामागून आणखी आल्या. लिंडाचं हसू चेहऱ्यावर तसंच वाळलं.

गिऱ्हाइकं मागू लागल्यावर मला काउंटरवर ठेवावंच लागलं. खणातल्या बाटल्या काचेत आल्या, आणि कल्पना लिंडाची म्हणून तिचा फोटो कंपनीच्या पत्रकात छापून आला. मावशींना तळघरात गिफ्टांना रिबिनी बांधायला धाडलं. मी संतापून राजीनामा द्यायला निघाले, तर त्या रिबिनीला गाठ मारत म्हणाल्या, "काउंटर सोडलंस तर माझं तळघर फुकट जाईल. जागचं हलू नकोस." मी नाही हलले. पण त्या मॉलच्या रस्त्याने अजूनही गाडी नेत नाही.

निवृत्त होऊन त्या पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला मुलाकडे गेल्या. निघताना मी विचारलं, "मावशी, सगळ्यांचे रंग सांगितलेत. तुमचा कुठला?"

"तो तू शोध," त्या म्हणाल्या. "शिकली असलीस तर."

दशक संपायच्या आत त्या गेल्या. मी विमानाने पोचले तेव्हा फ्युनरल होममध्ये त्यांना पेटीत निजवलं होतं, नेसवलेली साडी नीट होती. इथे मेलेल्या माणसालाही मेकअप करतात. मावशींच्या तोंडावर गुलाबी रंग होता. खालच्या खणातली बाटलीसुद्धा त्या लोकांकडे नव्हती.

मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, असू दे ना आता. बघ, किती गोरी दिसतेय आई."

त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. मी तिथल्या कामावरच्या कोटवाल्या माणसाकडे गेले आणि हळू आवाजात कापूस आणि कोमट पाणी मागितलं. तो म्हणाला, वेळ झालीय, घरच्यांनी पसंत केलंय. मी पेटीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने कापूस आला.

गुलाबी सगळं पुसून काढलं. पर्समधल्या बाटल्या काढल्या आणि हाताच्या पालथ्या बाजूवर घोटलं. पहिल्यांदा लाल आलं, मग राखेसारखं. बघावं म्हणून त्यांची हनुवटी धरली, पण मान वळेना. तेव्हा मीच खिडकीच्या बाजूला गेले आणि पुन्हा घोटलं. जबड्याच्या कडेला लावलं, आणि ते नाहीसं झालं.

"काकवी," मी त्यांना सांगितलं.