सहा किलोचा रोहू आणि शेवटचा छापील अंक

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ढगाळ, वारा नाही, दहानंतर ऊन. तलावाचं पाणी सांडव्याच्या चार बोटं खाली. मासे : शून्य.

माझ्या डायरीत अशी पानं पुष्कळ आहेत. खरं म्हणजे मासे शून्य असले की नोंद दोन ओळींत संपायला हवी. पण होतं उलटं. मासा लागला तर एक ओळ पुरते आणि नाही लागला तर दोन पानं भरतात! चार-पाच माणसं सकाळी सहापासून पाण्याकडे बघत बसली की काही ना काही घडतंच. फक्त ते पाण्यात घडत नाही.

आमचं टोळकं कामठ्याजवळच्या तलावावर दर रविवारी गरी टाकून बसतं. बिसेन काका निवृत्त कंपाउंडर. राजू टेंभरे मोबाइल दुरुस्तीवाला. गुप्ताजी गोंदियाचे किराणा व्यापारी, पक्के शाकाहारी. मासा धरतात पण खात नाहीत. तलाव ज्या मच्छीमार सोसायटीकडे आहे तिचा राखणदार सोमाजी. आणि मी, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा आणि लिहून ठेवणारा.

त्या रविवारी काका मासेमारीच्या मासिकाचा नवा अंक घेऊन आले, ते तोंड पाडून. अंकात एक चौकट होती : ‘पुढचा अंक शेवटचा छापील अंक. त्यानंतर आपण ऑनलाइन भेटू.’

काका एकोणीस वर्षांचे वर्गणीदार. त्यातल्या ‘वाचकांचा मासा’ या पानावर आपला फोटो यावा म्हणून ते एकोणीस वर्षं फोटो पाठवत होते. एकदाही छापून आला नव्हता. कधी मासा लहान, कधी फोटो अंधारा. एकदा मासा झकास होता, फोटो झकास होता, फक्त काकांचं डोकं फोटोच्या बाहेर होतं. तो फोटो मीच काढला होता, म्हणून जास्त लिहीत नाही.

अट अशी की मासा पाच किलोंच्या वर हवा आणि चेहरा स्पष्ट. शेवटच्या अंकासाठी फोटो महिनाअखेरपर्यंत पोचायला हवा. म्हणजे हातात चार रविवार!

राजू म्हणाला, “काका, कायले टेन्शन घेता? ऑनलाइन टाकून देऊ ना फोटो. सारी दुनिया पाहील.”

काका म्हणाले, “दुनिया पाहून काय करू बे? माही बायको चष्मा लावून पुस्तकात पाहाले पायजे!”

* * *

मासिकात लिहिलं होतं, गळ टाकण्याआधी पाण्याचं तापमान मोजा. काका कंपाउंडर! त्यांनी खिशातून ताप पाहायचं काचेचं थर्मामीटर काढलं, दोरा बांधून पाण्यात सोडलं, घड्याळ लावून दोन मिनिटं थांबले, वर काढून पुसलं, डोळ्यांजवळ धरलं. पारा पस्तीसच्या खाली. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

“नॉर्मल नाही,” काका गंभीरपणे म्हणाले.

सोमाजी आयुष्यात मासेमारीवरचं काही वाचलेला नाही. तो काठावर जाळं सांधत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “मंग सलाइन लावून द्या जी!”

* * *

राजूचा गुरू मोबाइल. कोणत्या माशाला कोणतं आमिष, कोणती गाठ, काय वाजता, सगळं त्याला व्हिडिओवरून कळतं. अडचण एकच. तलावावर नेटवर्क फक्त पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, टोकाला, पिंपळाखाली येतं आणि मासे असतात खाली सांडव्यापाशी. त्यामुळे राजू गरी टाकायचा, धावत पिंपळाखाली जायचा, व्हिडिओ पाहायचा आणि शिकलेलं करायला धावत खाली यायचा. आमच्यात सर्वांत जास्त व्यायाम त्याचाच होतो.

दुसऱ्या रविवारी तो वर ‘मोठा मासा लागताच काय करावे’ हा व्हिडिओ उघडून बसला आणि खाली त्याला मोठा मासा लागला! काठी वाकली. आम्ही ओरडलो, “राजू, ये बे! लागला!”

वरून उत्तर आलं, “आलो, आलो! जाहिरात चालू आहे! पाच सेकंद थांबवा त्याले!”

मासा थांबला नाही. काठी घेऊन गेला. काठी धरायला राजूने पाण्यात उडी मारली, तेव्हा मोबाइल त्याच्या हातातच होता.

काकांनी शांतपणे मासिकाची घडी केली. “हे पुस्तक दोनदा तलावात पडलं. दोन्ही वेळा दोरीवर वाळत घातलं. तुहा फोन वाळवून दाखव आता.”

* * *

भिजलेला फोन तांदळात ठेवायचा असतो, हेही राजूने मोबाइलवरच वाचलं होतं. दुसरा माणूस वाटीभर तांदूळ घेईल. राजूच्या जावयाची राइस मिल! त्याने फोन सरळ तांदळाच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, खोल खुपसला आणि जेवायला गेला. जेवून येईपर्यंत त्या थप्पीचे कट्टे ट्रकमध्ये चढून छत्तीसगडकडे निघाले होते.

दोन दिवस राजू माझ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला फोन लावत होता. बंद, बंद, बंद. तिसऱ्या दिवशी मी लावला. फोन सुरू! पुष्कळ रिंग झाल्यावर कोणी तरी घाबरत उचलला.

“हैलो... भाईसाब, हमारा चावल बज रहा था!”

फोन चार दिवसांनी ट्रकवाल्याबरोबर परत आला. व्यवस्थित चालू. राजूने पहिल्यांदा काय केलं असेल? सगळा प्रकार सांगणारा व्हिडिओ काढला आणि ऑनलाइन टाकला. काका म्हणाले, “तांदूळ चांगला होता म्हणून वाचला. यात तुह्या नेटचा काय संबंध?”

* * *

तिसऱ्या रविवारी काकांच्या मदतीला गुप्ताजी आले. रोहूला हिंग आवडतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. छापील की ऑनलाइन ते त्यांना आठवत नव्हतं. घरून कणीक, पेंड, हिंग आणि थोडं साजूक तूप घालून मळलेलं आमिष त्यांनी डब्यात आणलं. दुसऱ्या तशाच डब्यात त्यांचं जेवण.

सकाळभर एक मासा फिरकला नाही. दुपारी जेवायला बसलो. गुप्ताजींनी दोन घास खाल्ले, तिसरा घास खाल्ला आणि आनंदाने म्हणाले, “आज हाथ में स्वाद है भाभीजी के... मतलब, मेरी मिसेज के!”

सोमाजीने डब्यात डोकावलं. “शेटजी, आपलं जेवण सकाळपासून पाण्यात जाऊन राहिलं. हे तर माशाचं व्हय!”

गुप्ताजींनी डबा पाहिला, घास पाहिला, आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, “अब आधा तो हो गया.” आणि डबा संपवला.

त्या दिवशीची माझी नोंद : आमिष संपले. मासे शून्य. शेटजींची प्रकृती उत्तम.

पण काकांचा एकच रविवार उरला होता. परत जाताना ते मोटारसायकलवर माझ्या मागे बसले होते. कामठ्याच्या वळणावर एवढंच म्हणाले, “भाऊ, पाच किलो लई नसते ना जी?”

* * *

२८ सप्टेंबर, रविवार. पहाटे सर आली, नंतर उघडीप. पाणी सांडव्याला टेकलेलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी काकांची गरी खाली गेली.

राजू ओरडला, “दोर सैल सोडा, काका! व्हिडिओत...”

“चूप बस बे!”

“पुस्तकात तरी काय लिहिलं आहे?” मी विचारलं.

“आठवून नाही राहिलं!” काका म्हणाले.

पस्तीस मिनिटं लागली. शेवटी सोमाजी कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने मासा छातीशी धरून वर आणला. रोहू. मी काट्याला लावला : सहा किलो दोनशे ग्रॅम! गुप्ताजींनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते घाम म्हणून पुसलं.

“फोटो!” राजू म्हणाला.

“असा नाही,” काका म्हणाले. फोटोसाठी इस्त्रीचा पांढरा शर्ट त्यांनी चारही रविवार माझ्या मोटारसायकलच्या पेटीत आणला होता. गाडी पाळीच्या पलीकडे. “कपडे बदलवून आलो दहा मिनिटांत,” असं म्हणून ते गेले.

आता इथली रीत सांगायला हवी. सोसायटीने आम्हाला बसू दिलं आहे ते एका अटीवर : मोठा मासा कोणी अख्खा घरी न्यायचा नाही. काठावरच कापून, पळसाच्या पानांवर सारखे वाटे घालायचे. ज्याला मासा लागला त्याने पाठ फिरवून उभं राहायचं. राखणदार एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, “हा कोणाचा?” आणि तो न पाहता नाव घेतो. भांडण नको म्हणून.

काका गेले. मोठा मासा फोटोसाठी कसा धरावा, हे पाहायला राजू पिंपळाखाली गेला. मी पाठ करून बसलो आणि डायरीत लांबी, घेर, वेळ, आमिष लिहू लागलो. सोमाजीने विळा काढला तसे गुप्ताजींनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून तोंड फिरवलं.

काका पांढऱ्या शर्टात, केसांवरून कंगवा फिरवत आले. समोर पळसाच्या पाच पानांवर पाच वाटे होते.

राजू धावत आला आणि तोही उभा राहिला.

“उन्हात ठेवता येत नाही जी मासा,” सोमाजी म्हणाला. मग सवयीने म्हणाला, “पाठ फिरवा, काका. हा कोणाचा?”

काकांनी कंगवा खिशात ठेवला. मग पाठ फिरवली. “गुप्ताजीचा,” ते म्हणाले.

“मेरा आप रख लो, काका,” गुप्ताजी डोळे न उघडता म्हणाले.

वाटे झाल्यावर राजूने फोटो काढला : काका दोन्ही हातांत रोहूचं डोकं धरून उभे, समोर पाच पानं. डोकं दोघांचंही फोटोत आलं. मी डायरीतून वजन, लांबी, वेळ उतरवून दिली, खाली आम्ही चौघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या आणि सोमवारी काकांनी सगळं स्पीड पोस्टने पाठवलं.

शेवटचा छापील अंक १७ ऑक्टोबरला आला. ‘वाचकांचा मासा’ या पानावर एका माणसाची समुद्रातली सुरमई होती. काकांचा फोटो पान बेचाळीसवर, ‘मासळीचा स्वयंपाक’ या सदरात, रंगीत, पाव पान, चेहरा स्पष्ट. खाली छापलं होतं : ‘बिसेन काकांचा गोंदिया रोहू रस्सा. पाच माणसांसाठी. साहित्य : रोहू ६ किलो २०० ग्रॅम, कांदे चार, तिखट चवीनुसार.’