पुढच्या चाकाचे स्पोक

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी याच्या आसपास फिरून परत येते — नेमकं नाव घेत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही नीलेशला ओळखत नाही.

नीलेश माझा दीर. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा तो कॉलेजात होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. तो मला अजून ‘वहिनी, तुम्ही’ असंच म्हणतो. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तो बरीच वर्षं होता. मग खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, त्या वासापासून लांब राहा. त्यानं नोकरी सोडली आणि जे मनापासून आवडायचं तेच करायचं ठरवलं — सायकलची चाकं बांधायची. रिम म्हणजे बाहेरची कड वेगळी आणायची, मधला हब वेगळा, स्पोकच्या तारा वेगळ्या, आणि एकेक स्पोक ओवून, ताणून चाक उभं करायचं. आमच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून, त्याचा स्टँड असायचा. सासूबाईंना काळजी — हे करून पोट भरणार का? तो म्हणायचा, आधी चार लोकांना बघू तर दे, आई.

आणि मी? मी चाळिशीला आल्यावर रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची वेगाची सायकल, चालवायला लागले. रविवारी आमचा सात-आठ जणांचा ग्रुप कल्याण-शीळ रोडनं निघतो. बँकेतली नोकरी, घर, सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचे क्लास — या सगळ्यात तेवढं एक माझं होतं. सायकलची मूळची चाकं फार जड. नवीन चाकांसाठी मी वर्षभर थोडं थोडं बाजूला टाकत होते. ठाण्याला नौपाड्यातल्या एका दुकानात कंपनीची तयार चाकं बघून ठेवलेली. काळी, रुंद कडेची, त्यावर मोठी पांढरी अक्षरं. ग्रुपमधल्या दोघींकडे तीच होती. माझ्या पैशात ती बसत होती, अगदी ओढूनताणून.

नीलेशला कळलं तेव्हा तो एवढा खूश झाला! म्हणाला, “वहिनी, तेवढ्यात मी तुम्हाला यापेक्षा चांगली बांधून देतो. आपल्याकडचे खड्डे बघा. कंपनीवाल्यात स्पोक कमी असतात, आणि एक तुटला तर तसला दुसरा मिळायला महिना घालवतील. माझ्यात कुठल्याही दुकानातला स्पोक बसेल.”

त्याचं सगळं बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं. पण मला ती पांढरी अक्षरं हवी होती — काय करू? सासूबाई म्हणाल्या, घरात करणारा असताना बाहेर कशाला जायचं. माझा नवरा, प्रशांत, म्हणाला, “बरं झालं, त्याचंही काम चार लोकांना दिसेल.” मी भाजी चिरत होते. म्हटलं, हो, चालेल की.

कोणी जबरदस्ती केली होती का? नाही. ‘मला दुकानातलीच हवीत’ — एवढंच म्हणायचं होतं. ते मी बोलले नाही. बोलले नाही, आणि त्या क्षणापासून मनात त्याच्यावर धुमसत राहिले. तो माझ्यासाठी हबचे रंग विचारायला आला की मी गोड हसायचे आणि आत दार बंद झाल्यासारखं वाटायचं. आता मागे कसं फिरायचं? दिवसेंदिवस ते आणखी अवघड होत गेलं. तो तर मन लावून काम करत होता.

चाकं झाली तेव्हा त्यानं मला बाल्कनीत बोलावलं. स्पोक बोटानं छेडून दाखवले, सतारीची तार छेडावी तसे. “ऐका, सगळ्यांचा आवाज जवळजवळ सारखा आला पाहिजे. ताण सारखा असला तर चाक खड्डा झेलतं. सैल असलं तर गेलंच.” मी ऐकलं. मला समजलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी असं म्हणू शकत नाही की मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी ग्रुपमध्ये एकीनं चाकांकडे बघून म्हटलं, “साधीच आहेत ना गं दिसायला?” बस, एवढंच. वाईट हेतूनं नव्हे. पण मी घरापर्यंत तेच चघळत आले.

आणि त्यानंतरच्या शनिवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. सासूबाई देवळात, नीलेश काही सामान आणायला ठाण्याला गेलेला. मी त्याची स्पोक सैल-घट्ट करायची चावी घेतली. ठरवलं काय होतं? चाक जरा डुलायला लागेल — त्याच्या भाषेत आऊट होईल — मग मी म्हणेन, बघ रे, मला हे काही झेपत नाहीये, मी आपली तयार घेते. त्यालाही वाईट वाटणार नाही, मलाही नाही म्हणावं लागणार नाही. मी पुढचं चाक निवडलं. का, सांगू? मागच्याला चेनचं काळं तेल लागतं, हात खराब झाले असते.

थोडे सैल केले, फिरवून बघितलं — डुलेना. दोन्ही बाजूंचे सारखेच सैल झाले असणार, म्हणून चाक सरळच दिसत होतं. मी अजून फिरवले. अजून. मग कंटाळून थांबले आणि एक स्पोक बोटानं छेडला. आवाज आलाच नाही. नुसतं खट् झालं. त्यानं काय सांगितलं होतं ते मला आठवलं. मी चावी जागेवर ठेवली आणि चहा टाकला.

इथपर्यंत एखाद्या दिवशी मी सांगूही शकले असते. मत्सर म्हणा, बालिशपणा म्हणा. खरं पुढेच आहे.

रविवारी आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरची माणसं जेवायला येणार होती, म्हणून मी ग्रुपबरोबर गेले नाही. सकाळी मी ओट्याशी नारळ खवत होते. नीलेश स्वयंपाकघराच्या दारात आला, डोक्यावर हेल्मेट. म्हणाला, “वहिनी, तुम्ही आज जात नाही ना? मग तुमची सायकल नेऊ का? चाकं जरा पळवून आणतो. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर परत ताणून द्यायची असतात.”

मी खवणीवरून मान वर केली नाही. खवलेला नारळ ताटात पडत होता, मी त्याच्याकडे बघत होते. मला ते खट् ऐकू येत होतं. ‘थांब’ म्हटलं तर तो विचारणार, का? आणि काय सांगू? डोक्यात आलं, बरंच आहे, त्यालाच कळेल, मला बोलावंही लागणार नाही. हेही आलं की कळण्याआधी काही झालं तर? दोन्ही आलं. एकापाठोपाठ एक, अगदी स्पष्ट.

मी म्हटलं, “ने की.”

लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. मी खिडकीतून हाक मारू शकले असते, आम्ही दुसऱ्याच मजल्यावर राहतो. मी दुसरी वाटी घेतली आणि खवायला लागले.

शीळ रोडच्या उतारावर, खड्ड्यात, पुढचं चाक दुमडलं. कोणीतरी त्याच्याच फोनवरून प्रशांतला कळवलं. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं होतं, प्लेट घालावी लागली. आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा त्याच्या गालाला खडी चिकटलेली होती. मला बघून तो रडायला लागला. मला वाटलं, कळलं याला. तो म्हणाला, “वहिनी, बरं झालं तुम्ही नव्हता. माझाच ताण कमी पडला. तुम्हाला काही झालं असतं तर दादाला तोंड कसं दाखवलं असतं मी?”

सांगायला यापेक्षा सोपी वेळ मिळाली असती का? मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, असू दे रे, होतं असं.

दुमडलेल्या चाकाचे स्पोक वेडेवाकडे झालेले, काही तुटलेले. त्यात कुठला कोणी सैल केला ते कोण शोधणार? त्यानं शोधलंही नाही. दोघांनी त्याच्याकडे चाकं सांगितली होती, त्यांना त्यानं पलंगावरूनच फोन करून नाही म्हटलं — “माझ्या कामाची मला खात्री नाही.” प्लास्टर असतानाच हट्टानं मला नौपाड्याला घेऊन गेला आणि ती काळी चाकं मला घ्यायला लावली. माझे बरेचसे पैसे पहिल्या चाकांत संपले होते, कमी पडले तेवढे त्यानं घातले. मी घालू दिले.

मनगट आता पूर्ण वळत नाही. तो परत एमआयडीसीत लागला, दुसऱ्या कंपनीत. खोकला परत आला. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ आहे. प्रशांत म्हणतो, तुला हल्ली झोप का लागत नाही? मी म्हणते, वय झालं. आम्ही चौघं मोठी माणसं रोज एका टेबलावर जेवतो. मी त्याला पोळी वाढते, तो ‘पुरे वहिनी’ म्हणतो. या घरात मला त्याच्यापासून लांब जायला जागाच नाही.

गेल्या रविवारी ग्रुपमधला एक नवीन मुलगा घरी आलेला. कोणाकडून तरी ऐकून त्यानं नीलेशला विचारलं, “तुम्ही चाकं बांधायचा ना? मला बांधून द्याल? हात जमत नसेल तर मी करतो, तुम्ही फक्त सांगा.” नीलेशच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं — मी बघितलं. मग तो माझ्याकडे वळून हसत म्हणाला, “आमच्या वहिनींना विचारा, माझी चाकं कशी असतात ते.”

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही बघत होता.

मी म्हटलं, “नको रे बाबा!” आणि सगळ्यांच्या आधी मीच हसले.